पुसायचं नाही

कोकरू जमिनीवर पडलं की पहिला हक्क त्याच्या आईच्या जिभेचा, हा त्या घरचा कायदा होता. बाकीचे कायदे माणसांनी सोयीप्रमाणे वाकवले, पण हा कुणी मोडला नव्हता. ओलं, पिवळट, चिकट पिल्लू थंडीनं लटलट कापत असो, शेजारी कोरडं पोतं तयार असो, कुणी हात लावायचा नाही. मेंढीनं वास घेतला, चाटलं, घशातल्या घशात हुंकारली, की मगच माणसाचं काम सुरू. घरची म्हातारी, जिला लहानथोर सगळे कारभारीण म्हणत, नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची. "पुसायचं नाही. वास पुसला की आई पुसली."

त्या साली थंडी जाता जात नव्हती. दिवसभर कोरडा वारा सुटायचा, मेंढवाड्याचे पत्रे वाजवायचा आणि माणसांच्या ओठांची सालं काढायचा. माळावरचं गवत संपत आलेलं. अर्धा कळप घेऊन धाकटा मुलगा लांबच्या चराईला गेला होता आणि घरी राहिलेल्या नव्वद मेंढ्या विणीला आल्या होत्या. कारभारणीला मात्र वेगळीच भीती होती. मागच्या विणीआधी विकत आणलेल्या सहा मेंढ्यांनी बाहेरून रोग आणला, आणि बघता बघता निम्म्या मेंढ्या गाभडल्या. रोज सकाळी खड्डा खणायचा आणि मेलेली पिल्लं पुरायची. तेव्हापासून तिनं दुसरा कायदा केला. बाहेरून येईल ते जनावर एकवीस दिवस वेगळं राहील, आणि उंबऱ्याच्या आत येण्याआधी खुरांपासून शिंगांपर्यंत तांबड्या औषधी साबणानं धुतलं जाईल.

दोन्ही कायदे चांगले होते. त्यांची एकमेकांशी गाठ पडेल असं कारभारणीच्या ध्यानीमनी नव्हतं.

धाकटी सून बारा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. सरकारी दवाखान्यात पोरगी सुखरूप जन्मली, पण बाईचं रक्त थांबेना. घटकाभरात तिला गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि पोरगी दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात आली. नशीब म्हणायचं, थोरल्या सुनेला आठ महिन्यांचा मुलगा होता, अंगावर दूध होतं. तिनं पोरीला छातीशी घेतलं. एका बाजूला स्वतःचा दांडगट, दुसऱ्या बाजूला जावेची चिमणी. बारा दिवसांत तिची पाठ जमिनीला क्वचितच टेकली.

तेराव्या दिवशी सकाळी धाकट्या मुलाचा फोन आला; चराई गड्यावर सोपवून तो बायकोपाशी हॉस्पिटलात होता. "सोडलंय तिला. दुपारी घेऊन येतो. टाके आहेत, ओरडायचं नाही, ओझं उचलायचं नाही म्हणालेत."

"ओरडायचं नाही?" कारभारीण म्हणाली. "मग ती करणार काय?"

विनोद होता, पण खोटा नव्हता. धाकटी दिसायला काडीसारखी, आणि आवाज असा की तिला घरात भोंगाच म्हणत. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं कळपाला हाक मारली, तर ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या मेंढ्यासुद्धा पाणी ओलांडून आल्या होत्या. चाळीस वर्षं हाका मारून कारभारणीचा गळा फाटला होता, फुटक्या पिपाणीसारखा. तिनं त्याच दिवशी हाक सुनेकडे दिली. मग रोज दोन वेळा, सकाळी आणि तिन्हीसांजेला, भोंगा पाण्याच्या दोणीपाशी उभी राहून मेंढ्यांना बोलवायची. पोट नाकाशी आलं तरी बोलवायची. बाळंतपणाच्या आदल्या संध्याकाळीही तिनंच हाक दिली होती.

फोन ठेवून कारभारीण मेंढवाड्यात आली तर थोरली रडकुंडीला आलेली.

"आत्याबाई, ही पिल्लाला जवळच घेत नाही. ढुशा मारते."

कोपऱ्यात एक तरणी मेंढी डोकं खाली घालून उभी होती. तिच्यासमोर स्वच्छ, पांढरंशुभ्र कोकरू लडखडत होतं. ते जवळ गेलं की ती त्याला उडवून लावायची.

"हे एवढं पांढरं कसं?"

थोरलीनं ओले हात पदराला पुसले.

"धुतलंस?"

"शेणाच्या चिखलात पडलं होतं हो. नाकातोंडात गेलं होतं. मला वाटलं…"

"वाटलं! सात वर्षं झाली या घरात येऊन. तिनं कशावरून ओळखायचं त्याला? चेहऱ्यावरून?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीला एक मूल, झोळीत दुसरं, आणि रात्रीची झोप नाही. पण कारभारणीनं ते बघितलं नाही. तिनं मेंढी भिंतीशी दाबून धरली, तिचा चीक ओंजळीत पिळला आणि कोकराच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीखाली चोळला. मग पिल्लू तिच्या नाकाशी धरलं. मेंढीनं फुरफुर केलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं. बऱ्याच वेळानं जीभ बाहेर आली.

"बघ," कारभारीण हात झटकत म्हणाली. "आता ते तिचं झालं."

दुपारी गाडी फाटकाशी थांबली. धाकटी नवऱ्याच्या खांद्याला धरून उतरली. तोंड पांढरं पडलेलं, अंगाला औषधांचा वास. ती थेट घराकडे निघाली, कारण आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"थांब तिथंच," कारभारीण म्हणाली. तिच्या हातात गरम पाण्याची बादली होती, आणि तांबडा साबण.

"आत्याबाई, आधी बघू तरी द्या."

"बघशील. दहा तऱ्हेची आजारी माणसं तिथं, कुणाच्या अंगावर काय असेल काय सांगावं? कोवळा जीव आहे आत."

तिनं सुनेला न्हाणीत नेलं आणि स्वतःच्या हातांनी धुतलं. केस दोनदा. मान, काखा, छाती, बोटांच्या बेचक्या. सून उभ्या उभ्या थरथरत होती, टाक्यांपाशी हात धरून. अंगावरचे कपडे उकळायला टाकले. पेंडीच्या खोलीत खाट टाकली होती, खिडकी अंगणात उघडत होती, तिथं तिला झोपवलं.

"एकवीस दिवस?" धाकटीनं हळू आवाजात विचारलं. हसायचा प्रयत्न होता तो.

"दहा. माणसाला सवलत."

मग पोरीला आणलं. धाकटीनं दोन्ही हात पुढे केले. तिनं पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि अगदी कुजबुजत म्हणाली, "आले गं मी. आले."

पोरगी एक क्षण गप्प झाली. मग नाक आक्रसलं, तोंड फिरवलं, पाठीची कमान केली आणि जे रडायला लागली ते थांबेना. धाकटीनं बाजू बदलून बघितली. पोरीनं तोंडात घेतलं, सोडलं, आणखी जोरात रडली. शेवटी थोरली दारातून पुढे आली. तिच्या हातात गेल्याबरोबर पोरगी शांत झाली. थोरलीनं पाठ फिरवून तिला पाजलं, जणू चोरीच करत होती.

त्यानंतर रोज हेच. प्रत्येक पाजण्याआधी कारभारीण बादली घेऊन यायची. हात कोपरापर्यंत, छाती, गळा, सगळं साबणानं धुवायचं, उकळलेल्या फडक्यानं पुसायचं, मग पोरगी. धाकटी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कुजबुजून बोलायची, आणि पोरगी तिच्या छातीवर अनोळखी माणसाकडे रडावं तशी रडायची. मधल्या वेळात धाकटी वाटीत दूध पिळायची. हॉस्पिटलातल्या बाईंनी शिकवलं होतं, दर तीन तासांनी पिळ, नाहीतर जाईल. पहिल्या दिवशी वाटी अर्धी भरली. तिसऱ्या दिवशी तळ जेमतेम झाकला.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. टाके बघितले, खोली बघितली, उकळलेली फडकी बघितली.

"आजी, स्वच्छता मात्र अशी कुठे बघितली नाही."

कारभारीण फुगली. "आमच्याकडे विणीचं घर आहे, बाई. घाण चालतच नाही."

"पण दूध कमी होतंय. पोरगी ओढत नाही ना, मग ते आटणारच. चार-पाच दिवस फार तर. काही वेगळं केलंत का इथं?"

"नाही. जसं करायचं तसंच."

नर्सबाईंनी मान हलवली आणि त्या सायकलवर बसून वाऱ्याच्या विरुद्ध गेल्या.

धाकटीचं जेवण दारात ठेवलं जाई. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. दुपारी ती खिडकीत बसायची. समोर ओट्यावर थोरली पाय पसरून पोरीला पाजत असायची. पोरगी डोळे मिटून, मूठ थोरलीच्या गळ्याशी रुतवून, गटागटा प्यायची. धाकटी बघत राहायची. एकदा तिच्या अंगावरचं कापड आपोआप भिजलं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि घाईघाईनं ते साबणाच्या पाण्यात बुडवलं, डाग धुवावा तसं. कारभारणीनं हे अंगणातून पाहिलं. तिच्या मनात काहीतरी हललं, पण काय ते तिला कळलं नाही. वारा होता, कामं होती, आणि दोणीपाशी फाटक्या गळ्यानं हाक मारून मारून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मेंढ्या यायच्या, पण कंटाळत, एकेक करून, जणू उपकारच करत होत्या.

पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, "आत्याबाई, उद्या हे चराईवर परत जाणार आहेत. मीपण जाते."

"या अंगानं?"

"बसून राहीन पालात. इथं बसून तरी काय करते?"

"आणि पोरगी?"

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. "ती जाऊबाईंकडे राहू दे. तिला मी नको आहे. तुम्हीच म्हणता ना, पहिल्या घटकेत झालं नाही तर होत नाही. माझी घटका गाडीत गेली."

कारभारणीला काहीतरी बोलायचं होतं. अशा वेळी बोलायला तिच्याकडे मेंढ्यांचे शब्द होते, माणसांचे नव्हते. ती म्हणाली, "उद्याचं उद्या बघू," आणि बादली उचलून बाहेर पडली. बादलीतलं पाणी कुंपणापलीकडे ओतायला तिनं फाटक उघडलं, पाणी ओतलं, आणि त्याच तंद्रीत परत आली. कडी घालायची राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा राहिली.

ऊन उतरणीला लागलं होतं. मुलगा चराईवर न्यायचं सामान आणायला गावात गेला होता. वाऱ्याचा एक झोत आला, फाटक धाडकन उघडलं, आणि म्होरकी मेंढी डोकं उंच करून बाहेर चालू लागली. तिच्यामागे सगळा कळप. रस्त्यापलीकडच्या बांधाला जरा हिरवं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. कोकरं आयांच्या मागे, आया म्होरकीच्या मागे. आणि वरच्या उतारावरून दगडांनी भरलेला ट्रक खाली येत होता.

कारभारीण दोणीपासून धावली. "या! या गं!" गळ्यातून फक्त हवा आली. दोन मेंढ्यांनी वळून बघितलं आणि त्या पुढे चालल्या. थोरली ओट्यावर पोरीला पाजत होती, ती उठेपर्यंत पहिल्या मेंढ्या डांबरावर पोचल्या होत्या.

तेव्हा पेंडीच्या खोलीतून हाक आली.

"याऽऽ गंऽ याऽऽ! या बायांनो याऽऽ!"

पत्र्यावरचा वाऱ्याचा आवाज त्या हाकेखाली बुडाला. म्होरकी जागच्या जागी थांबली. कान फिरले, मग मान फिरली, मग सगळी मेंढीच फिरली, आणि नव्वद मेंढ्या आणि त्यांची पिल्लं एखादी चादर ओढावी तशी रस्त्यावरून मागे आली. ट्रक धुळीत करकचून थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून आयाबहिणी काढल्या आणि निघून गेला. एक खूरही दुखावलं नव्हतं.

कारभारीण फाटकाला धरून धापा टाकत होती. मागून थोरलीची हाक आली. आवाज चमत्कारिक होता.

"आत्याबाई. इकडे या. हिच्याकडे बघा."

पोरीनं दूध सोडलं होतं. भर पिण्यात सोडलं होतं, हनुवटीवरून धार ओघळत होती. ती रडत नव्हती. तिचे हातपाय एकदम थांबले होते, डोळे मोठे झाले होते, आणि तिची मान, अठरा दिवसांची ती लटपटती मान, थोरलीच्या छातीपासून वळून पेंडीच्या खोलीकडे लागली होती.

"हाक ऐकली आणि सोडलं," थोरली म्हणाली. "भूक असताना सोडलं हो."

कारभारीण ओट्याच्या पायरीवर बसली आणि ओरडली, म्हणजे ओरडायला गेली. "पुन्हा हाक मार!"

खोलीच्या दारात धाकटी आली होती, टाक्यांवर हात दाबून. "आल्या सगळ्या, आत्याबाई."

"मेंढ्यांना नाही गं! मार हाक!"

धाकटीला काही कळलं नाही, पण तिनं मारली. पोरीचं तोंड उघडलं. ओठ पुढे आले, शोधू लागले, हवेतच.

धाकटीनं ते पाहिलं. ती अनवाणी अंगणातून धावत आली. धूळ उडाली होती, ती घामानं तिच्या गळ्याला चिकटली. अंगावरचं कापड समोरून ओलंचिंब झालं होतं, दोन्ही बाजूंनी धार लागली होती. ओट्यापाशी पोचली आणि पाच दिवसांच्या सवयीनं बादलीकडे वळली. साबण उचलला. कारभारणीनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस."

"आत्याबाई, घाम आहे, धूळ आहे…"

"पुसू नकोस म्हणते ना! तशीच बस."

साबण पायरीवरून घरंगळत मातीत गेला. कारभारीण अजून मनगट धरून होती.

"कोकराला धुतलं म्हणून हिला मी फाडून खाल्लं," ती थोरलीकडे बोट करून म्हणाली, "आणि त्याच दुपारी मी तुला धुतलं. रोज धुतलं. पोरीनं ओळखायची एकेक खूण मी माझ्या हातांनी बादलीत घातली. वर तू कुजबुजायला लागलीस, तर तिला वाटणार ही बाई कोण! नऊ महिने तिनं भोंगा ऐकलाय." तिनं मनगट सोडलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते मी. माझंच चुकलं गं."

त्या घरात कारभारणीच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. धाकटी पायरीवर बसली.

थोरलीनं पोरीला दुपट्यातून मोकळं केलं आणि धाकटीच्या उघड्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी, वरून शाल. पोरगी आधी रडली. धाकटीचा चेहरा पडला.

"बोल," कारभारीण म्हणाली.

"काय बोलू?"

"मेंढीला बोलतेस तसं बोल. मोठ्यानं."

धाकटीनं शाल सावरली. "ए बये," ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. मग पुन्हा, तिच्या खऱ्या आवाजात, "ए बये, कुठे निघालीस? आँ? सगळ्या आल्या, तूच एक राहिलीस. शिंगं फुटली का तुला? ये इकडे. ये गं बये, ये…"

पोरीचं रडणं मध्येच तुटलं. कारभारणीनं बोट पुढे केलं, सुनेच्या अंगावर ओघळलेलं दूध त्यावर घेतलं आणि नातीच्या ओठांवर चोळलं. पाच दिवसांपूर्वी कोकराला चीक चोळला होता तसंच. पोरीनं जीभ बाहेर काढली. तिचं नाक घामानं ओल्या कातडीवर इकडून तिकडे फिरू लागलं. डोकं आपटत, घसरत, पुन्हा वर येत, ती स्वतःच सरकत गेली. कुणी तिला ढकललं नाही. मग तोंड लागलं, सुटलं, लागलं. हनुवटी हलायला लागली. आणि त्या वाऱ्यातसुद्धा तिघींनी पहिला घोट गिळल्याचा आवाज ऐकला.

धाकटी रडत होती आणि बोलत होती. थांबायची भीती वाटत असावी तिला.

थोरली एका बाजूला उभी होती, रिकाम्या हातांनी. पोरीच्या प्रत्येक घोटागणिक तिच्याही अंगावरचं कापड भिजत होतं. अठरा दिवस तिनं त्या जिवाला पाजलं होतं. कारभारणीनं वर बघितलं आणि या वेळी तिला दिसलं. ती उठली, स्वतःची शाल काढली आणि थोरलीच्या खांद्यावरून पुढे गुंडाळली.

"माझं काय," थोरली हसत डोळे पुसत म्हणाली. "माझा पान्हा येडा आहे, कुणाचंही पोर रडलं तरी फुटतो."

"तू नसतीस तर आज हाक ऐकायला पोरगी नसती," कारभारीण म्हणाली. "जा, जरा पड. माझा नातू मी धरते."

दुसऱ्या दिवशी मुलगा पाठीवर बोचकं टाकून चराईवर गेला, एकटाच. सगळं काही एका घोटात सुरळीत झालं नाही. पोरगी दोन वेळा प्यायची, तिसऱ्या वेळी रुसायची, मग थोरली मदतीला यायची. पण वाटीतलं दूध रोज थोडं वर चढत होतं, आणि बादली पुन्हा मेंढ्यांच्या कामाला गेली.

चार दिवसांनी तिन्हीसांजेला कारभारीण दोणीपाशी उभी राहिली. धाकटी ओट्यावर पोरीला घेऊन बसली होती, तिला उठवायला नको म्हणून म्हातारीनं स्वतःच हाक मारली. मेंढ्यांनी माना वर केल्या, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागल्या. कारभारणीला राग आला नाही. तिनं नुसतं ओट्याकडे बघितलं.

"याऽऽ गंऽ याऽऽ!" बसल्या जागेवरून धाकटीनं हाक दिली.

कळप वळून धावत निघाला. कारभारीण मेंढ्यांकडे न बघता नातीकडे बघत होती. या वेळी पोरीनं दूध सोडलं नाही, मानही वळवली नाही. तिचा कान आईच्या छातीवर टेकलेला होता, आणि हाक तिथूनच येत होती.